बडवाहचा होळकर पूल आणि छोटी लाईन: आपापल्या आठवणी इथे लिहा

रामबागचा_नातू (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं, परवा एक गोष्ट घडली आणि आता राहवेना म्हणून लिहायला बसलोय.

कामानिमित्त इंदूरहून खंडव्याला जात होतो, बसनं. मोरटक्क्याला नर्मदेवरच्या रोडच्या पुलावर गाडी आली तशी शेजारच्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला, 'नर्मदे हर' म्हणाल्या, पर्समधून पाचाचं नाणं काढलं आणि खिडकीकडे हात नेला तर एसी बस, काच उघडेचना. दोनदा चाचपून बघितलं त्यांनी. तेवढ्यात पूल संपला सुद्धा. नाणं मुठीत तसंच राहिलं आणि त्या सनावदपर्यंत काही बोलल्या नाहीत.

मला एकदम आमची आजी डोळ्यापुढे आली. आम्ही इंदूरला रामबागेत राहायचो आणि आजी दरवर्षी श्रावणात आम्हा नातवंडांना घेऊन ओंकारेश्वरला जायची, जायचं ते छोट्या लाईननंच, म्हणजे मीटरगेजच्या गाडीनं. पहाटे निघायचं, बरोबर दशम्या, लसणाची चटणी, गूळ, पाण्याची सुरई. महू आलं की गाडी रिकामी व्हायची आणि परत भरायची, मग पातालपाणी, तिथं भुट्टे, मग घाट, बोगदे, बोगद्यात सगळ्या पोरांनी ओरडायचं हा नियमच होता, कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद, चोरल, बलवाडा, आणि बडवाह. बडवाह सुटलं की आजी पदराची गाठ सोडायची. त्या गाठीत तांब्याचे पैसे असत, जुने, झिजून गुळगुळीत झालेले. तेव्हा बाजारात दहा पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं चालायचं, लाटेसारख्या कडांचं, आम्हाला वाटायचं ते टाकावं कारण ते हलकं, भिरभिरत जाईल. आजी म्हणायची, 'नर्मदेला तांबंच, ते दुसरं नाही.' एकेकाच्या हातावर एक पैसा ठेवायची आणि वरून मूठ बंद करायची.

मग आवाज बदलायचा. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायला नको. जमिनीवरनं गाडी चालते तेव्हा खडखड, पण पुलावर चढली की तो आवाज खाली पाण्यापर्यंत जाऊन परत वर आल्यासारखा, पोकळ, मोठ्ठा. खिडकीतून बघावं तर एकदम खाली पाणी, छातीत धस्स व्हायचं. आजी 'आता' म्हणाली की आम्ही मुठी सोडायचो. पैसा पाण्यात पडलेला मला एकदाही दिसला नाही, इतका तो पूल उंच.

छोटी लाईन २०२३च्या सुरुवातीला बंद झाली. ब्रॉडगेजचं काम चाललंय, ते व्हायलाच हवं, इंदूरहून खंडव्याला सरळ मोठी गाडी जावी ही मागणी आपल्या सगळ्यांचीच आहे. पण ज्या माणसांनी त्या खिडकीतून नाणं टाकलंय ती माणसं आता कमी कमी होत चाललीत. आमच्या मुलांना 'पुलाचा आवाज' म्हटलं तर कळत नाही. म्हणून म्हटलं इथं सगळ्यांनी लिहावं. पुढं काय होणार, कधी होणार, कोणामुळे अडलं यावर वेगळा धागा काढा, इथं नको.

आणि अजून एक. आपल्याकडे सर्रास 'इंग्रजांचा पूल' म्हणतात. मला ते टोचतं. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या लाईनसाठी १ कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. जमीन फुकट दिली. लाईनचं नावच होळकर स्टेट रेल्वे. ५ ऑक्टोबर १८७६ला सर हेन्री डेली, म्हणजे आपल्या डेली कॉलेजवाले डेली, यांनी पूल सुरू केला तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'होळकर नर्मदा पूल'. खुद्द इंग्रजांनी ठेवलेलं नाव हे, आणि आपणच त्याला इंग्रजांचा म्हणतो.

---

सराफ्यातली_मीनल

किती सुंदर लिहिलंत दादा. पदराच्या गाठीतले पैसे वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्या पणजीकडे पण अगदी असंच होतं.

बडवाह म्हणजे आमच्यासाठी चिवडा. गाडी थांबायच्या आधीच 'बडवाहचा चिवडा' करत पोरं डब्यात चढायची, कागदाच्या पुड्या, वरून लिंबू. आई म्हणायची बाहेरचं नको आणि मग स्वतःच दोन पुड्या घ्यायची.

---

मोजपट्टी

थोडे आकडे देतो, माझा आवडीचा विषय आहे, रुक्ष वाटलं तर पुढं जा.

पुलाला १४ गाळे, प्रत्येक १९७ फुटांचा. गुणून बघा, २७५८ फूट, म्हणजे ८४० मीटर तरी नुसते गाळेच. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून उंची ८० फूट. म्हणून रामबागकरांना नाणं पडताना दिसलं नाही, सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पैसा टाकल्यासारखं आहे ते, आणि गाडी चालती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा पूल दुहेरी बांधला होता, लोखंडी गर्डर, वरून मीटरगेजचे रूळ आणि खालून बैलगाड्यांचा रस्ता. हे मला फार मोठं वाटतं. त्या काळी निमाडच्या शेतकऱ्याला नदी ओलांडायची तर नाव, आणि पावसाळ्यात नावही नाही. पुलानं आगगाडीवाल्यांची सोय झालीच, पण गाडीभर कापूस घेऊन निघालेल्या माणसाचीही झाली. एकाच लोखंडाखाली बैल आणि लोखंडावर इंजिन.

आता मीटरगेज का? तर १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारनं ठरवलं की नव्या लाईनी स्वस्तात व्हायला हव्यात, म्हणून रूळ एक मीटर अंतरावर. मोठी लाईन १६७६ मिलिमीटर. रूळ जवळ आले की वळणं आवळ घेता येतात, पूल-बोगदे लहान होतात, पैसा वाचतो. पण त्याची किंमत खंडव्याला मोजावी लागली, तिथं मुंबईची मोठी लाईन आणि ही छोटी, एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरायचा, हमालांच्या पाठीवरून.

काम टप्प्याटप्प्यानं झालं. खंडवा ते सनावद १ डिसेंबर १८७४ला सुरू झालं, मग १८७६ला पूल, आणि १८७८ पर्यंत सगळी लाईन. मधला घाट म्हणजे चाळीसला एक असा चढ, म्हणजे चाळीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. चार बोगदे, मिळून ५१० यार्ड, आणि नर्मदेचा सोडून आणखी १४ मोठे पूल. इंदूरला पहिलं इंजिन १८७७ मध्ये आलं ते हत्तींनी ओढत आणलं असं वाचलंय. ज्या इंजिनानं पुढं शंभर माणसं ओढायची त्याला आधी हत्तींनी ओढलं.

---

वकीलसाहेब_लोकमान्यनगर

रामबागचा नातू, लेख आवडला पण होळकरांचा पूल या मुद्द्यावर थोडी असहमती नोंदवतो, राग मानू नका.

१ कोटी दिले हे खरं, पण ते कर्ज होतं, दान नव्हे. साडेचार टक्क्यानं वर्षाला साडेचार लाख व्याज होतं. आणि ही लाईन इंग्रजांना हवीच होती. महूची छावणी त्यांची, १८५७ मध्ये तिथं काय झालं ते ते विसरले नव्हते. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लाईन जबलपूरला जोडली गेली, मग मध्ये उरला माळवा. माळव्याची अफू आणि निमाडचा कापूस मुंबईच्या गोदीत जायला रेल्वे लागणारच होती. महाराजांनी दिले नसते तर कुठून तरी पैसे उभे केलेच असते.

शिवाय एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. जमीन राज्यानं फुकट दिली, पण त्या जमिनीवर हुकूम इंग्रज सरकारचा. होळकरांच्या राज्यात होळकरांच्या पैशानं बांधलेल्या लाईनवर होळकरांचा कायदा चालत नव्हता. ही पट्टी राज्याच्या मधून गेली आणि राज्यापासून तुटली. याला आपला पूल म्हणताना मला जड जातं.

---

रामबागचा_नातू

वकीलसाहेब, राग कसला, मुद्दा बरोबर आहे आणि जमिनीचं मी लिहायला हवं होतं.

पण मी असं बघतो. तुकोजीराव दुसरे १८४४ मध्ये गादीवर आले, १८५७चं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं, इंग्रजांचा त्यांच्यावर पुरता विश्वास कधी बसला नाही. अशा राजानं ठरवलं की लाईन येणारच आहे तर ती माझ्या राजधानीत यावी. नुसती छावणीपर्यंत येऊन थांबू नये. इंदूर आज जे आहे, कापड गिरण्या, सियागंज, सगळा व्यापार, त्यात त्या निर्णयाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. कर्ज होतं म्हणता, हो, पण कर्ज द्यायलाही दृष्टी लागते.

आणि हिशोब बघा. १०१ वर्षं म्हणजे मुदत १९७१ पर्यंत. घेणारं सरकार १९४७ला गेलं. देणारं संस्थान १९४८ला मध्य भारतात विलीन झालं. करारावर सह्या करणारे दोन्ही पक्ष राहिले नाहीत आणि पुलावरून गाडी त्यानंतरही पंचाहत्तर वर्षं जात राहिली. तेव्हा आता तो ना त्यांचा ना ह्यांचा, ज्यांनी ओलांडला त्यांचा.

---

वकीलसाहेब_लोकमान्यनगर

हे पटलं. शेवटचं वाक्य पटलं.

---

निमाडची_लेक

मी बडवाहची. लग्न होऊन इंदूरला आले, त्याला आता तीसेक वर्षं होतील. सगळे गाडीतून पूल बघणारे लिहिताहेत म्हणून खालून बघणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते.

आमचं गाव उत्तर तीरावर, पुलाच्या पलीकडे दक्षिण तीरावर मोरटक्का. स्टेशनाचं नाव ओंकारेश्वर रोड. आम्हाला मोरटक्का म्हणजे नदीपलीकडचं शेजार, तिथं आत्या दिली होती. गावाला एका अंगानं चोरल आणि एका अंगानं नर्मदामाई, चोरलच्या काठी जयंती मातेचं देऊळ, इकडे नावघाट खेडी, आणि होळकरांचा दर्या महाल, त्यात आता सीआयएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे, सकाळी परेडचे आवाज गावात ऐकू यायचे. घड्याळाची गरजच नव्हती आम्हाला. पुलावर आवाज झाला की आई म्हणायची 'खंडव्याची गेली, कुकर लावा.'

आईची गोष्ट सांगते. बाबा गेल्यावर तिनं परिक्रमा उचलली, पायी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठंही ओलांडायची नाही, एकदम समुद्राला पोचल्यावर तिथं नावेनं. मधे किती पूल लागू देत, तुमचा पाय पुलावर पडता कामा नये. तिनं ओंकारेश्वरहून उचलली, दक्षिण तटानं पश्चिमेला निघाली, आणि लगेचच मोरटक्का आलं. म्हणजे समोर आमचं घर! पलीकडच्या घाटावरची माणसं सुद्धा ओळखू यावीत एवढं जवळ.

निघताना ती चष्मा घरी विसरली होती, जवळचं बघायचा, पोथीचा. निरोप आला. मी तेव्हा माहेरी होते. दुपारच्या गाडीनं चष्मा घेऊन पूल ओलांडून गेले, पाच-सात मिनिटांचा पूल, उतरले, घाटावर आले तर आई पायरीवर बसलेली, कमंडलू बाजूला, पायाला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, 'आई, घर समोर दिसतंय, एक रात्र चल, पाय शेकून देते, उद्या इथंच आणून सोडते.' तिनं माझ्याकडे बघितलं पण नाही, पुलाकडे बघत होती. म्हणाली, 'तू त्यावरून आलीस ना? मग झालं. मी चालत येईन घरी.'

चालत आली. समुद्रापर्यंत जाऊन, नाव घेऊन, उत्तर तटानं परत, दीड महिन्यानं एका सकाळी दारात उभी, 'नर्मदे हर, भिक्षा वाढा.' स्वतःच्या घरी! मला आधी समजेचना काय करावं. शेवटी वाढली भिक्षा, मीठ, पीठ, मिरच्या, गुळाचा खडा. ती अंगणात राहिली, आत आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुढं अमरकंटकच्या दिशेनं निघाली.

पुलाचं नाव कोणाचंही असो. मला पूल म्हटलं की पायरीवरची आई दिसते, वर बघणारी.

---

सराफ्यातली_मीनल

ताई 🙏 काय लिहू. नर्मदे हर.

---

अकोल्याची_सून

मी हे वाचून दोन दिवस विचार करत होते लिहू का नको, कारण माझी आठवण पुलाची कमी आणि गाडीची जास्त.

माहेर अकोला, सासर इंदूर. खंडवा-हिंगोलीची लाईन झाल्यावर उत्तरेची छोटी लाईन आणि दक्षिणेची छोटी लाईन जोडली गेली, त्यामुळे जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा करत जायची. आपल्या कितीतरी लोकांच्या सोयरिकी या एका गाडीनं जमवल्यात, इंदुरातल्या मराठी घरात चौकशी करा, सून अकोल्याची नाहीतर वाशीमची निघेल. लग्नाची वऱ्हाडं यायची तिच्यानं. मधे मेळघाटात धूळघाटला रूळ स्वतःलाच वेढा घालून वर चढायचे, खाली बघितलं तर आपण आलो तोच रूळ दिसायचा.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी येताना मी खिडकीशी रडत होते. बहुतेक सगळ्याच रडतात. नर्मदा आली तेव्हा सासूबाईंनी नाणं दिलं हातात आणि म्हणाल्या, 'टाक, आणि एक सांगते, माहेरी जाताना पण टाकायचं. येताना टाकलं तर माई आशीर्वाद देते, जाताना टाकलं तर परत आणते.' मी दोन्ही वेळा टाकत राहिले, जवळजवळ तीस वर्षं.

२०१७च्या सुरुवातीला अकोला-खंडवा बंद झालं. मेळघाटच्या वाघांमुळे लाईन जंगलातून न्यायची का बाहेरून यावर बरेच वर्ष वाद झाला, मला दोन्ही बाजू कळतात. पण आता माहेरी जायचं म्हणजे गाड्या बदलून किंवा रात्रीची बस. आई थकली आहे, फोनवर विचारते 'मीनाक्षी सुरू झाली का गं?'

---

गार्डबाबूंचा_मुलगा

वडील महूला गार्ड होते, त्यामुळे घाट आणि पूल दोन्ही माझ्या घरातलेच.

मोजपट्टी साहेबांनी चाळीसला एक लिहिलंय, ते कागदावर वाचून कळत नाही. कालाकुंडला गाडी आली की मागून आणखी एक इंजिन लागायचं, बँकर. पुढचं ओढतंय, मागचं ढकलतंय, आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना शिट्टीवर सांगताहेत. वाफेच्या जमान्यात वायपी, वायजी इंजिनं होती, नंतर डिझेल आली, वायडीएम-४. डिझेल आल्यावर घाटात चाकाखाली वाळू सोडायचं काम काही कमी झालं नाही, पावसाळ्यात रूळ ओले की चाक जागच्या जागी फिरतं. कालाकुंड-पातालपाणी जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण त्या टप्प्यात वडील डब्यात बसून राहिलेत असं कधी झालं नाही, व्हॅनच्या दारात उभे, हात ब्रेकवर.

पातालपाणीला टंट्या मामाच्या देवस्थानापाशी गाडी थांबायचीच. टंट्या भिल, ज्यांना इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी दिलं. रेल्वेचे लोक सांगतात थांबा ब्रेक तपासायला, घाट उतरायच्या आधी तपासावेच लागतात. गाववाले सांगतात थांबलं नाही तर गाडी पुढं जात नाही. वडील दोन्ही करायचे, ब्रेक तपासायचे आणि नारळ ठेवायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही.

आता पुलाचं. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा बडवाहला ते मला की-मनबरोबर पुलाच्या तोंडाशी घेऊन गेले, आत नाही नेलं, तोंडाशीच. की-मन म्हणजे जो रोज रूळ चालत तपासतो, खांद्यावर हातोडा. पहाटेची वेळ, नदीवर धुकं. त्यानं मला गुडघ्यावर बसवलं आणि कान रुळाला लावायला सांगितला. थंड पडलेलं लोखंड, कानाला चटका बसावा इतकं थंड, आणि आतून अगदी बारीक गुणगुण. मी म्हटलं काय आहे? म्हणाला, 'मोरटक्का सुटली गाडी.' दिसत काहीच नव्हतं, धुकं. मग आम्ही बाजूला झालो आणि किती तरी वेळानं आधी आवाज, मग दिवा, मग गाडी. त्या माणसानं त्याच्या आयुष्यात तो पूल किती वेळा चालला असेल याचा हिशोब मी आता करतो तेव्हा चक्रावतो. रोज जाऊन-येऊन दीड किलोमीटरहून जास्त नुसता पूलच, उन्हात, थंडीत, महापुरात. डेली साहेबांचं नाव राहिलं, महाराजांचं राहिलं, ज्यांनी गर्डर चढवले, दगड घडवले त्यांचं कुठं नाही. निदान की-मन म्हणून तरी इथं लिहून ठेवतो.

एक खंत आहे. गाडी बंद व्हायच्या आधी वडिलांना एकदा पुलावरून न्यायचं ठरवलं होतं. चौकशीच्या खिडकीवर सांगितलं गेलं की अजून आठवडाभर गाडी आहे, त्या भरवशावर रविवारी निघायचं ठरवलं, आणि त्याआधीच बंद झाली. व्हीलचेअर सुद्धा आणून ठेवली होती. वडील काही बोलले नाहीत, म्हणाले 'खूप वेळा गेलोय रे मी.' पण मला ते लागून राहिलंय.

---

पोहेजिलबी_९९

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे, छोट्या लाईननं पुलावरून गेलोच नाही कधी. मी फक्त पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज ट्रेन बघितली आहे, डिसेंबर २०१८ला सुरू झाली तेव्हा कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. मोठ्या खिडक्या, धबधबे, रील्स, मज्जा आली होती. पण तेव्हा कुणी सांगितलं नाही की हा तुकडा एवढ्या मोठ्या लाईनचा आहे आणि ती लाईन पुढं अशी नर्मदेवरून जायची. आज आजीला विचारलं तर ती अर्धा तास बोलत होती आणि मी रेकॉर्ड करून घेतलं.

एक प्रश्न, रावेरखेडी याच बाजूला आहे का? बाजीरावांची समाधी?

---

निमाडची_लेक

हो बाळा, सनावदहून रस्ता आहे. दक्षिण तीरावरच, मोरटक्क्याच्या खालच्या अंगाला. थोरले बाजीराव तिथंच गेले, २८ एप्रिल १७४०. वैशाखातलं ऊन काय असतं निमाडचं ते जाऊन बघ म्हणजे कळेल. पुण्याहून येतात लोक दर्शनाला आणि आपल्या इंदूरच्या पोरांना ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं. जा नक्की.

---

मोजपट्टी

निमाडची लेक, तुमची पोस्ट वाचल्यावर माझे आकडे मला स्वतःलाच वेगळे दिसायला लागले. ८४० मीटर. आईंनी ते टाळायला दीड महिना चालून घालवला.

अवांतर: २०२३च्या सप्टेंबरात मोरटक्क्याचा रोडचा पूल पुरामुळे बंद करावा लागला होता, वरून धरणाचं पाणी सोडलेलं, इंदूर-खंडवा रस्ताच तुटला. ट्रक दोन्ही बाजूला रांगा लावून. तेव्हा मनात आलं, १८७६च्या लोकांनी ८० फूट उगाच नव्हते धरले. माईला त्यांनी नीट बघितलं होतं, पावसाळ्यात.

---

रामबागचा_नातू

सगळ्यांचे आभार मानणार नाही, घरचेच आहात.

काल रविवारी राहवलं नाही, सकाळी गाडी काढली आणि नावघाट खेडीला गेलो. घाटावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता, हातात सुतळी, सुतळीच्या टोकाला चकतीएवढं लोहचुंबक, जुन्या स्पीकरमधून काढलेलं. फेकायचं, तळाशी बसू द्यायचं, हळूहळू ओढायचं. तिसऱ्या खेपेला वर आलं तेव्हा त्याला एक-दोन रुपयांची चार नाणी चिकटलेली, एक खिळा आणि थोडा चिखल. नाणी तोंडात गालाशी धरली, खिळा पायरीवर ठेवला, परत फेकलं.

मी विचारलं पाचाचं येतं का? म्हणाला, 'पिवळा पाच नाही चिकटत.' आणि तांब्याचा पैसा? त्यानं मान हलवली. 'तो पण नाही चिकटत काका. तो तिकडे पुलाखाली आहे, माझे आजोबा काढायचे, बुडी मारून. आता नाही कोणी जात तिथं, खोल आहे.'

म्हणजे आजीचे पैसे आहेत अजून.

खिशात होता एक, तिच्या डब्यातला. पायरीवरूनच टाकला.

---

निमाडची_लेक

नावघाटपर्यंत आलात आणि घरी नाही गेलात? घाटापासून पाच मिनिटांवर भाऊ राहतो माझा. आई आहे तिथंच, एक्क्याऐंशी वर्षांची, तिला कोणी पुलाबद्दल विचारलं की फार बरं वाटतं. पुढच्या रविवारी निघा, गार्डबाबूंच्या मुलाला आणि त्यांच्या वडिलांना पण घ्या बरोबर. घाटाच्या वरच्या बाजूला गाडी थेट जाते, व्हीलचेअरला पायऱ्या लागत नाहीत. मला आधी एक मेसेज टाका म्हणजे वहिनीला चिवड्याचं सांगून ठेवते.